दार उघडणारा एकच स्नायू

१२ मे

ठोंब्या आजही गॅरेजच्या दारापाशी लादीवर पडून होता. घरात मऊ गालिचा आहे, त्याची स्वतःची गादी आहे, पण तो तिथेच जातो. हे कामावरून त्याच दाराने आत यायचे. ह्यांना जाऊन नऊ महिने होत आले, तरी कुत्र्याला ते कोण समजावणार? मी हाक मारत नाही. टाळी वाजवते, मग तो येतो.

भुंकणंही सोडलंय त्याने. पूर्वी टपालाची गाडी कोपऱ्यावर वळली की गल्ली दणाणून सोडायचा. ओहायोत आल्यापासून आम्ही शांत वस्तीत राहतो, आणि इथल्या डब्लिन गावातल्या ह्या गल्लीत आवाज काय तो ठोंब्याचाच. इथले लोक त्याला टॉम म्हणतात. ठोंब्या हे नाव ह्यांनी ठेवलं. पिल्लू असताना तो काचेच्या दाराला तीनदा धडकला होता.

नीनाचा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून फोन आला. "आई, कॅन यू स्पीक अप? काहीच ऐकू येत नाहीये." तिचा फोन जुना झालाय. नवीन घे म्हटलं.

१९ मे

आज एक माणूस खोकं ठेवायला आला तेव्हा ठोंब्या उठला आणि भुंकायला गेला. म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. त्यालाच आश्चर्य वाटलं असावं, कारण तो माझ्याकडे बघत राहिला. मी कोमट पाण्यात हळद आणि मध कालवून दिला. थोडं प्यायला, ठसकला, उरलेलं सांडलं.

तोही सुतकात आहे असं मला वाटतं. मी टीव्हीचा आवाज बंद ठेवून खालची अक्षरं वाचते. तो भुंकत नाही. दोघांचं चाललंय बरं.

२ जून

अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

सकाळी उकडत होतं तरी ठोंब्याला तळ्यापर्यंत नेलं. ह्यांचाच रस्ता. परतताना तो थांबला. आधी वाटलं दमला असेल. मग त्याच्या घशातून कण्हल्यासारखा, करवतीसारखा आवाज येऊ लागला. दाट सरबत बारीक नळीतून ओढतो ना आपण, तसा तो हवा ओढत होता, आणि ती येत नव्हती. त्याची जीभ जांभळी पडली. मग चारही पाय पसरून तो पदपथावर आडवा झाला.

समोर एक जण गवत कापत होता, कानांत ते संगीताचे बोळे. मी "हेल्प" म्हटलं. मी म्हटलं होतं, मला माहीत आहे. पण माझ्या मलाही ऐकू आलं नाही. टाळ्या वाजवल्या. शेवटी त्याच्या पत्रपेटीवर घराच्या किल्ल्यांनी ठणाठणा मारत राहिले, तेव्हा त्याने मान वळवली. भला माणूस. एवढा थोराड लॅब्रेडॉर त्याने दोन्ही हातांत उचलला आणि गाडीत थंड हवा फुल सोडून आम्हाला प्राण्यांच्या इस्पितळात पोचवलं.

तिथे त्याला झोपेचं औषध दिलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. मला काचेबाहेर उभं केलं. काचेबाहेर उभं राहणं मला आता येतं.

३ जून

ठोंब्या तिथेच आहे. जिवंत आहे.

तिथल्या डॉक्टर केलर माझ्या नीनापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, आवाज कधीपासून बदलला? मी म्हटलं, माझे मिस्टर गेले तेव्हापासून. तो दुःखात आहे. तो दाराशी जाऊन बसतो.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "दाराशी लादी आहे का? थंड?"

हो म्हटलं.

"त्याला श्वास पुरत नाही, म्हणून अंग तापतं. थंड जागा शोधतो बिचारा."

त्याचं स्वरयंत्र लुळं पडलंय. म्हाताऱ्या लॅब्रेडॉर कुत्र्यांना होतं म्हणे. श्वास घेताना घशातली दोन दारं उघडायला हवीत, त्याची उघडत नाहीत. भुंकणं गेलं ते त्यामुळेच.

मी त्याचं दुःख समजत होते. तो गुदमरत होता. आणि मी हळदीचं पाणी पाजत होते.

५ जून

ग्रंथालयात गेले. काउंटरवरच्या मुलीला दोनदा सांगूनही कळेना, मग कागदावर लिहून दिलं. तिने प्राण्यांच्या शरीररचनेचं जाडजूड पुस्तक काढून दिलं. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, इंग्रजी ह्याच ग्रंथालयात बसून शिकलेलं. एक पान वाचायला सकाळ जाते. पण न कळलेल्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते, म्हणून वाचते.

जे समजलं ते लिहून ठेवते.

स्वरयंत्राचं मुख्य काम आवाज नाही. ते राखणदार आहे. हवा आणि अन्न एकाच घशातून उतरतात. हवेला फुप्फुसात सोडायचं आणि अन्नाला तिथे जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. गिळताना ते घट्ट मिटतं, श्वास घेताना उघडतं. आवाज हा वरचा उद्योग. मिटत्या पडद्यांमधून हवा गेली की ते थरथरतात, आणि आपण त्याला भुंकणं म्हणतो, बोलणं म्हणतो.

ही दारं बंद करणारे स्नायू बरेच आहेत. उघडणारा मात्र एकच, दोन्ही बाजूंना एकेक. हे वाचून पुस्तक मिटलं, मग परत उघडलं.

त्या स्नायूला चालवणारी नस तर चक्रावून टाकणारी आहे. मेंदूतून निघते आणि सरळ घशात जात नाही. घसा ओलांडून खाली छातीत उतरते. डावीकडची तर पार हृदयापाशी जाते, तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीखालून वळसा घेते आणि मग तेवढीच वाट परत वर चढून घशाशी येते. एवढी लांब नस म्हातारपणी आधी दगा देते यात नवल नाही. हे विजेच्या कंपनीत इंजिनीअर होते. त्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, "कुणी केलंय हे वायरिंग? बोलव त्याला."

संध्याकाळी शरयू आली. ती दोन घरं सोडून राहते, तिची मांजर घेऊनच फिरते. मी तिला म्हटलं, मांजरीच्या स्वरयंत्रात कुत्र्यासारखे बाजूचे खिसे नसतात, आणि ती गुरगुरते तेही ह्या दारांच्याच थरथरीतून, म्हणे.

शरयू म्हणाली, "प्रतिमा, यार, तू एवढं बोललीस आज! पण काय बोललीस ते निम्मं कळलं नाही. सर्दी झालीय का?"

नाही म्हटलं.

७ जून

ठोंब्या अजून इस्पितळातच आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे उद्यापर्यंत कळवायचंय. डावीकडचं दार टाक्याने मागे ओढून कायमचं उघडं ठेवायचं. श्वास येईल. पण कायम उघड्या दाराला राखणदार नसतो. अन्नाचा कण, पातळ काही, आत फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. ही भीती आयुष्यभराची. नाही केलं, तर पुढच्या उकाड्यात परत तेच, आणि दर वेळी कुणी गवत कापत असेलच असं नाही.

भुंकणं मात्र कधीच परत येणार नाही.

नीनाशी बोलले.

"आई, डॉक्टर काय रेकमेंड करतात?"

"करा म्हणतात."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"घशात नळी घालतात."

मग ती हळूच म्हणाली, "आई, धिस इज नॉट बाबा."

"मी कुठे म्हटलं तसं? मी कुत्र्याबद्दल बोलतेय."

मी खरंच कुत्र्याबद्दल बोलत होते. पुस्तकात चित्र आहे, नळी त्याच दोन पडद्यांच्या मधून जाते. ती असेपर्यंत पडदे एकमेकांना भेटू शकत नाहीत, म्हणून आवाज निघत नाही. ह्यांना नळी घालायच्या आधी ते म्हणाले होते, "ठोंब्याचं पाणी बदल." मी म्हटलं, बदलते. नंतर ते डोळ्यांनी काहीतरी विचारत राहायचे आणि मी परत परत सांगायची, बदललं हो, बदललं. ते तेच विचारत होते का, कोण जाणे. याचा ऑपरेशनशी काही संबंध नाही. लिहिलं एवढंच.

८ जून

हो म्हणून कळवलं. कळवून आले आणि ठोंब्याचं पाण्याचं भांडं घासून ठेवलं.

९ जून

आज एक नवीनच भीती.

औषधाच्या दुकानात जन्मतारीख विचारतात. मी सांगितली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सॉरी? परत सांगितली. परत सॉरी. शेवटी त्याने कागद पुढे केला. घरी येऊन आरशासमोर तोंड उघडलं, बॅटरी धरली, आ केलं. काही दिसत नाही. पुस्तकात लिहिलंयच की ते असं दिसत नाही, खूप खाली असतं. पण माणसातही तीच नस, तोच हृदयापासचा वळसा. माझा आवाज बसलाय तो हिवाळ्यातल्या हीटरमुळे असं मी समजत होते. आता जून आहे. चहा पिताना परवा ठसकाही लागला होता.

नीनाला सांगणार नाही.

११ जून

ठोंब्याला ऑपरेशनसाठी आत नेलं. त्याने मागे वळून पाहिलं. मला "जा बाळा" म्हणायचं होतं. हात हलवला.

बाहेर बसायच्या खोलीत शरयू माझ्या शेजारी होती. एक बाई पिंजऱ्यात मांजर घेऊन बसली होती, ते सारखं गुरगुरत होतं. शरयूला म्हटलं, मजेत दिसतंय. ती बाई म्हणाली, नाही, ते दुखत असलं तरी गुरगुरतं.

दुपारी डॉक्टर केलर हसत बाहेर आल्या. मला आधी त्यांचं हसणं दिसलंच नाही. टोपीवरचे हिरवे पंजे दिसत होते, तेच मोजत बसले होते.

१४ जून

घरी आणलं. मानेला पट्टा नाही, छातीवरून जाणारा. पोहायला कायमची बंदी. कोरडा भुगा नको, पातळ पेज, दूध, रस्सा तर अजिबात नको. पाणी थोडं थोडं, माझ्या देखत. जेवण म्हणजे ओलसर खाण्याचे गोळे वळायचे, लाडवाएवढे, आणि एकेक करून हाताने भरवायचे. एक गिळला की थांबायचं, श्वास ऐकायचा, मग दुसरा.

पहिला गोळा वळून त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला. गिळला. ठसकला नाही. मी खाली फरशीवर बसले आणि दुसरा वळला.

श्वासाचा आवाज आता मोकळा येतो. पाण्यासारखा.

२७ जून

शरयूने तिच्याच डॉक्टरांकडे नेऊन घातलं मला, घशाच्या. नाकातून बारीक कॅमेरा खाली सोडला. भयंकर. पण समोरच्या पडद्यावर दिसलं. माझी स्वतःची दोन दारं. पांढरी, ओली, पुस्तकातल्या चित्रापेक्षा नीटस. डॉक्टर म्हणाले, श्वास घ्या. उघडली, दोन्ही. "ई" म्हणा. मिटली, दोन्ही.

म्हणाले, सगळं उत्तम आहे, नस उत्तम आहे, ठसका सगळ्यांनाच लागतो. घरी कोण असतं? मी म्हटलं, कुत्रा. तो बोलतो का? मी म्हटलं, त्याचं ऑपरेशन झालंय. ते हसले नाहीत. विचारलं, शेवटचं मोठ्याने कधी बोललात? हा काय प्रश्न झाला? मोठ्याने बोलण्याजोगं घरात आहे काय?

आवाजाची शिकवणी लिहून दिली. मला बोलायला येतं. दारं जर उघडतात आणि मिटतात, तर आवाज कुठे गेला, ते सांगा म्हटलं. ते त्यांना सांगता आलं नाही. मोठी पदवी आहे भिंतीवर.

१६ जुलै

ठोंब्या सकाळी खोकला. दोनदा. मग परत. अंग गरम लागलं. मी गाडी चालवत नाही. ह्यांच्यानंतर किल्लीला हात लावला नव्हता. शरयू गावाला गेलेली. किल्ली घेतली.

न्यूमोनियाची सुरुवात होती. वेळेवर आणलं म्हणाल्या. डॉक्टर केलरनी मला समोर बसवून विचारलं, काय खाल्लं त्याने? मी आठवून आठवून सांगितलं. मग आठवलं, आदल्या दिवशी मी ताकभात कालवत होते, ताट खाली राहिलं, त्याने चाटलं. एवढंच. दोनदा जीभ लावली.

"एवढंच पुरतं," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा झालं तर मी खात्री देऊ शकत नाही."

आता मी जेवते ते ओट्याजवळ उभी राहून.

८ ऑगस्ट

परवा ह्यांचं वर्षश्राद्ध. नागपूरहून सुचित्राताई आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण; मोठ्या असूनही ह्यांना दादाच म्हणतात. नीना सनीव्हेलहून आली. घरात माणसांचा आवाज झाला की ठोंब्या सैरभैर होतो, शेपटीने सगळं पाडतो.

सुचित्राताईंना सगळं समजावून सांगितलं. गोळे दाखवले. त्या म्हणाल्या, "प्रतिमा, नीट बोल की गं. काय पुटपुटतेस? माझे कान गेले की तुझा घसा?"

नीनाने मोठ्याने परत सांगितलं. "आत्या, नो लिक्विड्स. पातळ काही नाही. ही कॅन डाय."

"अगं बाई, कळलं! इतकं काय घाबरवता? तिकडे आमच्या गल्लीत कुत्री गटारातलं पाणी पितात आणि वर मोटारीमागे धावतात."

१० ऑगस्ट

दुपारचे कावळे अजून घरामागच्या लाकडी डेकवर आहेत. सगळं सावकाश लिहिते.

गुरुजी नागपूरचेच, आयपॅडवर होते, तिथे त्यांची रात्र. विधी नीनाने केले. सुचित्राताईंनी नाक मुरडलं, पण गुरुजी म्हणाले, मुलीने केलं तरी चालतं, तेव्हा गप्प बसल्या. पिंडाचे गोळे वळताना नीनाचे हात भराभर चालले. दोन दिवस ठोंब्याला तीच भरवत होती. "आय हॅव प्रॅक्टिस," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग गुरुजी म्हणाले, आता गाईचा, कुत्र्याचा, कावळ्याचा घास वेगळा काढा. गाईचा बाजूला ठेवला, गाय कुठली इथे. कावळ्याचं पान मी डेकवर न्यायला निघाले. मागून सुचित्राताई म्हणत होत्या, "चला, कुत्रा तरी घरचा आहे. तेवढं तरी दादाला पोचेल."

मी काचेचं दार लोटून बाहेर गेले. कठड्यावर पान ठेवलं आणि वळले. काचेतून दिसलं. सुचित्राताई खाली वाकल्या होत्या. हातात चांदीची वाटी. तांदळाची खीर, पातळ, ह्यांना आवडायची तशीच मी केलेली. त्या वाटी ठोंब्याच्या तोंडाशी नेत होत्या आणि डोळे मिटून काहीतरी म्हणत होत्या. नीना पाठमोरी होती. ठोंब्याने मान खाली घातली.

काच मध्ये होती. मी "ठोंब्या! सोड!" म्हटलं.

चेंडू तोंडात धरून बसला की हे असंच म्हणायचे.

ठोंब्या जागच्या जागी थांबला. नाकाच्या शेंड्याला खीर लागली होती. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मागचे पाय दुमडून खाली बसला. सुचित्राताईंच्या हातून वाटी पडली. कठड्यावरचे कावळे उडाले. पलीकडच्या अंगणातून कुणीतरी विचारलं, सगळं ठीक आहे ना? आयपॅडवर गुरुजी मंत्र थांबवून म्हणाले, "काय झालं? कोण ओरडलं?"

मी आत धावले. पदराने त्याचं नाक पुसलं, तोंड उघडून बघितलं, जीभ पुसली, छातीला कान लावला. काही गेलं नव्हतं.

"केवढ्याने गं ओरडलीस," सुचित्राताई भिंतीला टेकून म्हणाल्या. "काळजाचं पाणी झालं माझं. काचा फुटल्या असत्या." मग त्या रडायलाच लागल्या. "मी फक्त एक थेंब, दादासाठी..."

"ताई, दादासाठी गोळा करून द्या," मी म्हटलं. "भात घट्ट वळा. तो खाईल."

त्यांनी वळला. ओबडधोबड झाला. मी तो नीट करून ठोंब्यापुढे धरला. त्याने घेतला, गिळला, थांबला. आम्ही तिघी ऐकत होतो. श्वास मोकळा आला.

नीना माझ्याकडे बघतच राहिली होती. "आई. से समथिंग अगेन."

"काय बोलू? ती वाटी उचल आधी, तो परत चाटेल."

तिने वाटी उचलली, पण हसत होती आणि रडतही होती. ह्या मुलीचं मला कधी कधी समजत नाही.

आता चार वाजलेत. ठोंब्या गॅरेजच्या दाराशी पडलाय, थंड लादीवर. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलेय, दर श्वास ऐकते. अजून तरी खोकला नाही, अंग गार आहे. आज आणि उद्या लक्ष ठेवायला हवं. भीती गेलेली नाही, जाणारही नाही बहुतेक.

मघाशी टाळी वाजवायचं विसरून त्याला हाक मारली, तर तो आला.

माझा घसा मात्र सोलवटल्यासारखा दुखतोय. उद्या त्या घशाच्या डॉक्टरांना फोन करायला हवा. कॅमेऱ्यात काहीतरी राहून गेलं असणार.